सगळे उजवीकडे उभे असताना मुलाने डावीकडे मारायचं का? शिफ्टबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १४ वर्षांचा, बेसबॉल खेळतो, डावखुरा बॅटर, बॉलला जोरात मारतो पण बहुतेक सगळं उजवीकडे म्हणजे पुल साइडला जातं (डावीकडची ती ऑपोझिट साइड). या सीझनला समोरच्या टीम त्याच्यासाठी शिफ्ट लावायला लागल्या, म्हणजे तो जिकडे मारतो तिकडे फील्डर सरकवायला लागल्या, सेकंड बेसमन मागे राइट फील्डच्या गवतात, शॉर्टस्टॉप सेकंड बेसच्या उजव्या बाजूला, आणि डावीकडे थर्ड बेसमन एकटाच, तोही शॉर्टस्टॉपच्या जागेवर. आधी जे हिट मिळायचे ते आता आउट होतायत. डगआउटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) कोच ओरडतात "डावीकडे मार, अख्खं मोकळं आहे", तो तसं करायला जातो आणि आता पॉप-अप (वर उडून सहज झेलला जाणारा बॉल) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) वाढलेत. तुम्ही विचारलंय की स्विंग बदलायचा का, मेजर लीगमधले (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) एवढे मोठमोठे हिटर मोकळ्या बाजूला का मारत नव्हते, आणि २०२३ मध्ये शिफ्टवर बंदी आली होती ना, मग हे चालतं कसं.

मी कॉलेजात असताना महाराष्ट्रात सॉफ्टबॉल खेळले, आणि इकडे न्यू जर्सीत आल्यावर गेली बरीच वर्षं मिडल स्कूल-हायस्कूलच्या मुलामुलींना हिटिंग शिकवते, त्यामुळे तुमच्या मुलासारखी केस दर सीझनला समोर येतेच. त्या अनुभवावरून लिहिते, जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं सांगेन.

नियमाचं आधी उरकते. २०२३ पासून मेजर लीगमध्ये पिचर (बॉल टाकणारा) रबरवर, म्हणजे त्याच्या पट्टीवर, उभा असताना चारही इनफिल्डर (बेसजवळचे फील्डर) मातीच्या हद्दीच्या आत हवेत आणि सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हवेत. मोडला तर पेनल्टी म्हणून बॅटरच्या खात्यात एक 'बॉल' (असे चार झाले की फर्स्ट बेस फुकट, त्याला वॉक म्हणतात), किंवा बॅटिंग टीमला त्या प्लेचा निकाल फायद्याचा वाटला तर तो ठेवता येतो. पण हा नियम मेजर लीगचा आहे, खालच्या लेव्हलला तो आपोआप लागू होत नाही, तुमच्या लीगच्या रूलबुकमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर समोरची टीम जे करतेय ते पूर्ण कायदेशीर आहे, अंपायरशी वाद घालू नका. आपल्याला क्रिकेटमधून हे ओळखीचं आहे, १९३२-३३ च्या बॉडीलाइननंतर लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त फील्डर ठेवायचे नाहीत असा नियम पुढे आलाच ना, फील्डिंग एका बाजूला फारच झुकली की खेळ स्वतःच कधीतरी मर्यादा घालतो. पण ती मर्यादा येईपर्यंत बॅटरला मार्ग काढायचा असतो, आणि तुमच्या मुलाला तो आत्ता काढायचाय.

आता खरा प्रश्न. तुम्हाला वाटतंय की शिफ्ट त्याचे हिट खातेय. काही खात असेलही. पण तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते पॉप-अप आणि स्ट्राइकआउट, कारण ते शिफ्टमुळे आउट नाहीत, ते त्याच्या स्वतःच्या स्विंगमधून आलेले आउट आहेत. शिफ्टचं खरं नुकसान तिथे असतं. फील्डरने अडवलेला ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) हा एक आउट, पण फील्डर कुठे उभे आहेत ते बघून मुलाने आपला चांगला स्विंग सोडून दिला तर समोरच्या टीमला ते प्रत्येक पिचला (पिचरने टाकलेल्या बॉलला) मिळतं, आणि फुकट मिळतं. म्हणून मी माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला एकच सांगते, उत्तर मैदानाकडे बघून द्यायचं नाही, पिचकडे बघून द्यायचं. हे बोलायला सोपं आहे, का आणि कसं ते आता सांगते.

शिफ्ट डावखुऱ्यांनाच एवढी का लावतात ते आधी समजून घ्या. डावखुऱ्याची पुल साइड म्हणजे फर्स्ट बेसची बाजू. सेकंड बेसमन गवतात खूप मागे उभा राहिला तरी तिथून फर्स्टपर्यंतचा थ्रो जवळचा आहे, म्हणून तो मागे सरकून जास्त जागा कव्हर करू शकतो आणि तरी आउट करू शकतो. उजव्या हाताच्या बॅटरला हीच आयडिया लावायला गेलात तर लेफ्ट साइडला एवढं मागे उभं राहून फर्स्टला थ्रो पोचवायचा म्हणजे अवघड, आणि फर्स्ट बेसमनला तर बेसजवळच राहावं लागतं. २०२२ मध्ये, बंदीच्या आधीच्या शेवटच्या सीझनला, मेजर लीगमध्ये डावखुऱ्यांच्या निम्म्याहून जास्त प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांमध्ये) शिफ्ट होती, सगळ्या बॅटरचं मिळून बघितलं तर साधारण एक तृतीयांश. म्हणजे तुमच्या मुलाच्या नशिबी हे डावखुरा असल्यामुळे आलंय, त्याच्यात काही बिघाड आहे म्हणून नाही. हे त्याला जरूर सांगा, १४ व्या वर्षी मुलं हे फार मनाला लावून घेतात.

दुसरी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. ग्राउंड बॉल पुल साइडला जास्त का जातात आणि फ्लाय बॉल ऑपोझिट साइडला का जातात? त्याच्या एखाद्या स्विंगचा व्हिडिओ स्लो करून बॉलला बॅट लागते तिथे थांबवा. बॅट आडवी सपाट नसते, बॅटचं टोक हातांपेक्षा खाली असतं, बॅट तिरकी असते. अशा तिरक्या बॅटने बॉलच्या वरच्या भागावर मारलं की बॉल खाली जातो आणि सोबत पुल साइडलाही वळतो, खालच्या भागावर मारलं की वर जातो आणि ऑपोझिट साइडला सरकतो. यात हिटरचा हट्ट नाही, भूमिती आहे. जवळजवळ प्रत्येक हिटरचे ग्राउंडर पुल साइडला जास्त असतात, अगदी जे लाइन ड्राइव्ह (सपाट, जोरात जाणारे बॉल) चारी दिशांना मारतात त्यांचेही. म्हणून टीम इनफिल्ड पुलकडे सरकवतात आणि आउटफिल्ड बऱ्याचदा सरळच ठेवतात. आणि म्हणूनच "ग्राउंडर डावीकडे मार" ही सूचना मुलाला दिली की तो बॅट मुद्दाम उशिरा आणतो, हात आधी ओढतो, बॅटचं टोक मागे राहतं, बॉलच्या खालून बॅट जाते, आणि थर्ड बेसच्या मागे मऊ पॉप-अप. तुम्ही जे बघताय ते अगदी हेच आहे असं मला वाटतं, व्हिडिओ न बघता शंभर टक्के सांगू शकत नाही, पण या तक्रारीची बहुतेक मुलं इथेच अडकलेली असतात.

आता मोठे हिटर का मारत नव्हते. सगळ्यात जुनं प्रसिद्ध उदाहरण बोस्टनच्या डावखुऱ्या टेड विल्यम्सचं. १४ जुलै १९४६, बोस्टनचं फेनवे पार्क, क्लीव्हलंडविरुद्ध डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन गेम. पहिल्या गेममध्ये विल्यम्सने तीन होम रन मारले आणि त्याच्या बॅटिंगवर आठ रन आले. क्लीव्हलंडचा लू बुड्रो खेळाडू पण होता आणि मॅनेजर पण, त्याने दुसऱ्या गेममध्ये इनफिल्डर उजवीकडे नेले, डाव्या बाजूला जवळजवळ एकटा लेफ्ट फील्डर उरला. (अशी शिफ्ट विल्यम्सला १९४१ मध्येही एकदा लावून झाली होती, पण नाव झालं ते बुड्रोचं.) विल्यम्सने काय केलं? मोठ्या प्रमाणात आपलंच मारत राहिला, आणि कारकिर्दीची ॲव्हरेज .३४४ (शंभरात साधारण ३४ हिट) ठेवली. पण तो डावीकडे मारूच शकत नव्हता असं नाही, त्याच वर्षी १३ सप्टेंबरला क्लीव्हलंडमध्येच त्याने त्याच शिफ्टविरुद्ध लेफ्ट फील्डला बॉल मारला, तिथे मागे धावायला कोणी जवळ नव्हतं, आणि इनसाइड-द-पार्क (बॉल मैदानातच राहून धावून काढलेला) होम रन झाला, बोस्टन १-० जिंकलं आणि त्याच विजयाने लीगचं पेनंट (विजेतेपद) त्यांना मिळालं. त्याच्या कारकिर्दीतला तो एकमेव इनसाइड-द-पार्क. मग वर्ल्ड सिरीजमध्ये (सीझनच्या अंतिम मालिकेत) सेंट लुईसनेही शिफ्ट लावली आणि विल्यम्स २५ मध्ये ५ हिट, .२००. तिथे त्याने एक बंट करून (स्विंग न करता बॅटने बॉल हलकेच ढकलून) हिट काढला तर वर्तमानपत्रांनी बंटचीच मोठी बातमी केली. लोक ही सिरीज "बघा, शिफ्टने हरवलं" म्हणून सांगतात, पण सिरीजच्या आधीच्या एका सराव सामन्यात त्याच्या कोपराला बॉल लागला होता, हे कोणी सांगत नाही. एका आठवड्याच्या आकड्यावरून शिफ्टचा निकाल लावायचा नाही, तुमच्या मुलाच्या बाबतीतही नाही.

आणि हिशोबही समजून घ्या. मेजर लीगमध्ये ९० मैलाचा पिच साधारण ०.४ सेकंदात पोचतो. बॉल फर्स्टच्या रेषेजवळ जाणार की थर्डच्या, हे बॅट बॉलला काही मिलिसेकंद आधी लागली की नंतर यावर ठरतं. तेवढं बारीक नियंत्रण मुद्दाम दाखवायचं, तेही पिचर मुद्दाम आत, अंगाजवळ टाकत असताना, कारण शिफ्ट लावलेली टीम पिचही त्याच हिशोबाने टाकते. आतला ९५ मैलाचा पिच लेफ्टला जोरात मारणं जगात फार थोड्यांना जमतं. आणि जमलं तरी काय मिळतं, एक सिंगल. पुलला हवेत मारलेला चांगला बॉल डबल देतो, होम रन देतो. म्हणून २०१५ च्या सुमारास स्टॅटकास्ट या मोजणी यंत्रणेमुळे बॉलचा वेग आणि कोन सगळ्यांना मोजता यायला लागल्यावर बऱ्याच हिटरनी शिफ्टला उत्तर म्हणून दिशा बदललीच नाही, उंची बदलली. फील्डर कितीही सरकवा, त्यांच्या डोक्यावरून गेलेला बॉल कोण अडवणार. याची किंमत होती, स्ट्राइकआउट वाढले, पण त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय होता, आळस नव्हता.

दुसरी बाजू पण आहे. कॅन्सस सिटीचा माइक मुस्टाकस, तुमच्या मुलासारखाच डावखुरा पुल हिटर, २०१४ मध्ये .२१२ वर होता. २०१५ मध्ये त्याने डाव्या बाजूचा जाणूनबुजून वापर सुरू केला आणि .२८४ वर गेला, त्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे बदलता येतं. पण तो प्रोफेशनल होता, ऑफ सीझन होता, रोजचं काम तेच होतं. मधल्या सीझनमध्ये डगआउटमधून ओरडून ते होत नाही.

आणि अगदी उलट उदाहरण टोनी ग्विनचं, मला फार आवडतं. डावखुरा, थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपच्या मधल्या फटीतून बॉल काढण्यात त्याच्याएवढा हुशार कोणी नव्हता, थर्ड बेसचा नंबर ५ आणि शॉर्टस्टॉपचा ६ म्हणून त्या फटीला तो साडेपाच नंबर म्हणायचा. आठ बॅटिंग टायटल (सीझनमध्ये लीगमधली सगळ्यात जास्त ॲव्हरेज). १९९२ ची ऑल-स्टार गेम त्याच्याच सॅन डिएगोत होती, तिथे टेड विल्यम्स त्याला भेटला आणि आतल्या पिचवर चिडवायला लागला, की तो पुल कर, जोरात मार. म्हणजे ज्याला आख्खं जग ऑपोझिट फील्डचा राजा मानत होतं त्याला सांगितलं जातंय की आतला बॉल आतल्यासारखा खेळ. ग्विनने ते घेतलं, १९९४ मध्ये .३९४ मारले. ऑपोझिटचा बादशहा पुल शिकला, पुलवाला मुस्टाकस ऑपोझिट शिकला, दोघांनी केलं एकच, पिच जिथे आला तिथे मारायला शिकले.

तर तुमच्या मुलासाठी. स्विंग बदलायच्या आधी दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवा. त्याने खेळात मारलेला प्रत्येक बॉल लिहायचा, पिच आत होता की बाहेर (स्टँडमधून नीट दिसत नाही, बॅकस्टॉपच्या मागे उभं राहा किंवा व्हिडिओ काढा), ग्राउंडर की लाइन ड्राइव्ह की फ्लाय, कुठे गेला, आणि जोरात लागला की मऊ. फक्त आउट-हिट लिहू नका, त्यातून काही कळत नाही. तीसएक बॉल जमले की चित्र दिसायला लागतं. माझा अंदाज असा आहे की उजवीकडचे बरेच ग्राउंडर हे बाहेरच्या पिचवरचे निघतील. बाहेरचा पिच पुढे जाऊन पकडला, मनगट उलटं वळलं, बॉलच्या वरच्या भागावर बॅट, सेकंड बेसमनकडे दोन-तीन टप्पे. आम्ही त्याला रोल ओव्हर म्हणतो. हा बॉल शिफ्ट असो नसो, नेहमीच्या जागी उभा असलेला सेकंड बेसमनही आरामात उचलतो. मग दोष शिफ्टचा नाही, बाहेरचा पिच पुल करायचा प्रयत्न हा दोष आहे, आणि तो काढल्याने त्याचा पूर्ण खेळ सुधारेल.

उलट वहीत असं दिसलं की आतल्या पिचवरचे जोरदार लाइन ड्राइव्ह गवतातला सेकंड बेसमन पकडतोय, तर काहीही करू नका. खरंच काही करू नका. ते चांगले स्विंग आहेत, त्यातले थोडे अजून उंच गेले की डबल आहेत. त्या बॉलवर त्याला रागावलात तर तो चांगली गोष्ट सोडून देईल.

या वयात एक फायदा आहे जो मेजर लीगमध्ये नसतो. १४ वर्षांच्या पिचरना सतत आत टाकता येत नाही. कोच त्यांना मुलाच्या अंगाला लागेल म्हणून बाहेरच टाकायला सांगतात, आणि कंट्रोलही तेवढा नसतो. म्हणजे बऱ्याच टीम फील्डर उजवीकडे उभे करतात आणि पिच मात्र बाहेर टाकतात, जो पिच आपोआप डावीकडे जायला तयार असतो. या विसंगतीचा फायदा घ्यायचा. मेजर लीगमध्येही काही अभ्यासकांनी दाखवलंय की शिफ्ट असताना पिचर फील्डिंगच्या हिशोबाने टाकायला जातात आणि त्यांचे बॉल वाढतात, वॉक वाढतात. मुलांमध्ये तर ते जास्तच. तुमच्या मुलाने फक्त घाई न करता बाहेरचा बॉल जवळ येऊ द्यायचा.

ते शिकवायचं कसं. टी वर (बॉल ठेवायच्या उभ्या स्टँडवर) सुरू करा. टी प्लेटच्या बाहेरच्या काठावर ठेवा आणि मागे घ्या, पुढच्या पायाच्या रेषेच्या आत, साधारण मागच्या मांडीच्या समोरपर्यंत. मुलं टी नेहमी पुढे ठेवतात आणि मग बाहेरचा बॉलही हात लांब करून पुढे पकडायची सवय लागते. तिथून शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून लाइन ड्राइव्ह मारायचा, ग्राउंडर नाही, जाळी असेल तर जाळीच्या वरच्या अर्ध्या भागात खूण करा. मग टी आत आणि पुढे, तिथून पूर्ण ताकदीने उजवीकडे. आलटून पालटून करा, एकाच ठिकाणाहून पन्नास मारण्यात अर्थ नाही, कारण गेममध्ये पिच आधी सांगून येत नाही. मग कोणीतरी स्क्रीनमागून समोरून टॉस द्या, आत-बाहेर मिसळून, आणि त्याला एकच सांगा, बाहेरचा असेल तर उशीर चालेल, आतला असेल तर उशीर चालणार नाही. "डावीकडे मार" हे शब्द सरावात वापरूच नका, दिशा सांगितली की शरीर वळायला लागतं, खांदा आधी उघडतो नाहीतर हात ओढले जातात. पिच ओळखला की दिशा आपोआप येते. या वयाच्या पिचरचा बॉल त्याच्यापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो, त्यात एवढा एकच निर्णय बसतो, दोन नाही.

सॉफ्टबॉल खेळलेले पालक कधीकधी मला सांगतात की स्लॅप शिकवा ना, डावखुरी बॅटर पिच येतानाच पुढे पावलं टाकत बॉल डावीकडे ढकलते आणि फर्स्टला धावते तसं. सॉफ्टबॉलमध्ये तो भारी आहे, मी स्वतः करायचे. पण तिथे बेस ६० फुटांवर आहेत. बेसबॉलच्या मोठ्या मैदानावर ९० फूट धावायचं आहे, शॉर्टस्टॉप तेवढ्या वेळात आरामात थ्रो करतो. इकडचं तिकडे उचलून चालत नाही.

बंट मात्र चालतो, आणि बंटबद्दल मला जास्त लिहायचंय कारण तो लाजेचा विषय केला गेलाय. थर्ड बेसमन शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा असेल तर थर्ड बेसच्या रेषेकडचा पूर्ण पट्टा रिकामा असतो. इथे सॅक्रिफाइससारखा (स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेण्यासाठी करतात तसा) मेलेला बंट नको, तो पिचर उचलतो. जरा जोरात, पिचरच्या हाताच्या पलीकडे जाईल आणि फेअर (रेषेच्या आत) राहील एवढाच. रेषेला अगदी चिकटवायच्या नादात फाउल होतो, चार-पाच फूट आत चालेल, तिथे कोणीच नाहीये. पहिल्या पिचला किंवा काउंट १-० (एक बॉल, शून्य स्ट्राइक) असताना करा, दोन स्ट्राइक झाल्यावर अजिबात नाही कारण तेव्हा फाउल बंट म्हणजे सरळ आउट.

हिशोब किती सोपा आहे बघा. मेजर लीगच्या सरासरीने, बेसवर कोणी नाही आणि आउट शून्य असताना त्या इनिंगमध्ये पुढे साधारण अर्धा रन होतो. फर्स्टवर रनर आणि आउट शून्य असेल तर साधारण ०.९. बेस रिकामे आणि एक आउट असेल तर पाव रनपेक्षा थोडंच जास्त. म्हणजे इनिंगच्या सुरुवातीला मोकळ्या थर्डकडे बंट १० पैकी चार वेळा जरी जमला तरी साधारण हिटरसाठी तो तोट्याचा सौदा नाही, आणि तिथे कोणी उभंच नसेल तर सराव केलेल्या मुलाला चारपेक्षा जास्त जमतो. पण दोन आउट आणि बेस रिकामे असतील तर फर्स्टवर पोचूनही इनिंगमधून सरासरी ०.२ रनच अपेक्षित असतो, तिथे तुमच्या मुलासारख्या ताकदीच्या मुलाने बंट करू नये, स्विंग करावा. सेकंड-थर्डवर रनर असतील तरी तेच, तिथे त्याची ताकद हवी. आकडे मुलांच्या लेव्हलला थोडे वेगळे असतील, तिथे एरर (फील्डरच्या चुका) जास्त आणि स्टील (पिच टाकला जात असताना पळून पुढचा बेस घेणं) जास्त, पण ते फर्स्टवर पोचण्याच्या बाजूनेच झुकतात.

आणि बंटचा खरा फायदा बंट केल्यावर मिळतोच असं नाही. दोन गेममध्ये एकेकदा केला की थर्ड बेसमन पुढे आणि रेषेकडे परत जातो, मग शॉर्टस्टॉपला उजवीकडे जायची हिंमत होत नाही, आणि मुलाचे आधीचे ग्राउंडर परत फटीतून जायला लागतात. मेजर लीगमध्येही बऱ्याच टीम बंट करणाऱ्या हिटरला दोन स्ट्राइक होईपर्यंत थर्ड बेसमन त्याच्या जागेवर ठेवायच्या आणि दोन स्ट्राइक झाल्यावरच सरकवायच्या.

शिफ्टचं आणखी एक भोक आहे ज्याचा हिटरशी थेट संबंध नाही पण टीमने वापरावं, थर्ड बेस. तिथे कोणी नसतं. २००९ वर्ल्ड सिरीजचा चौथा गेम, यँकीज विरुद्ध फिलाडेल्फिया, नववी इनिंग, ४-४, दोन आउट, फर्स्टवर जॉनी डेमन, बॅटिंगला मार्क टेशेरा आणि त्याच्यासाठी शिफ्ट. डेमनने सेकंड स्टील केलं, थर्ड बेसमन सेकंडवर थ्रो घ्यायला आलेला, डेमन उठला तर थर्ड रिकामा, तो तसाच पळत सुटला आणि एकाच प्लेमध्ये दोन बेस चोरले. पुढे यँकीज ७-४ जिंकले. तुमच्या मुलाच्या आधी बॅटिंगला येणाऱ्यांना आणि कोचना हे सांगा, त्याच्यासाठी शिफ्ट लागली की सेकंडवरच्या रनरने थर्ड बेस कोण कव्हर करणार ते आधी बघून ठेवायचं.

बंदीनंतर मेजर लीगमध्ये काय झालं हे पण सांगते, कारण लोक दोन टोकांना जातात. टेक्ससचा कोरी सीगर, डावखुरा, २०२२ मध्ये .२४५ आणि ३३ होम रन, २०२३ मध्ये .३२७ आणि होम रन परत ३३च. बघा किती फरक पडला असं सगळे म्हणतात, आणि काही प्रमाणात खरंही आहे. पण पूर्ण लीगची ॲव्हरेज २०२२ मध्ये .२४३ होती, २०२३ मध्ये .२४८ झाली, आणि २०२४ मध्ये पुन्हा .२४३. एखाद्या पुल हिटरला शिफ्टचा मोठा फटका बसू शकतो, पण बॅटिंग अवघड करणारी मुख्य गोष्ट शिफ्ट नव्हती, पिचिंग होतं. आजही शॉर्टस्टॉप सेकंड बेसच्या अगदी शेजारी नियमात बसून उभा राहतोच. तुमच्या मुलाने पुढच्या चार वर्षांत सगळ्यात जास्त काम पिच ओळखण्यावर केलं तर शिफ्ट राहो की जावो, ते वाया जाणार नाही.

काय अवलंबून आहे ते पण सांगते. तो वेगाने धावत असेल तर बंट जास्त वापरा, नसेल तर कमी. समोरचा पिचर त्या लेव्हलला फार वेगवान असेल आणि खरंच आत टाकत असेल, तर त्या दिवशी वॉक आणि एखादा पुल केलेला फ्लाय बॉल एवढ्यावरच समाधान माना. हायस्कूलच्या ट्रायआउटला अजून वेळ असेल तर पुढचे दोन महिने गेममधले आकडे खराब झाले तरी चालतील, शिकायची हीच वेळ आहे. ट्रायआउट तोंडावर असेल तर टी आणि टॉसचं काम चालू ठेवा पण गेममध्ये त्याला नेहमीसारखं मारू द्या, कोच लोक ट्रायआउटला बॉल किती जोरात लागतो ते बघतात, दिशा नंतर शिकवता येते.

सध्याच्या कोचशी तुम्ही बोलायचं, मुलाने नाही. गेममध्ये नको, प्रॅक्टिसनंतर शांतपणे, वही सोबत घेऊन. "तुम्ही चुकीचं सांगताय" असं नाही, विचारायचं की बाहेरच्या पिचवर हा डावीकडे जायचं काम करतोय, बॅटिंग चालू असताना त्याला दिशा न सांगता फक्त पिच बघ एवढंच सांगाल का, आणि बेस रिकामे, आउट शून्य असताना शिफ्ट लागली तर स्वतःहून बंट करायची परवानगी त्याला द्याल का. वहीत आकडे असतील तर बहुतेक कोच ऐकतात. त्यांनी बंटला नाही म्हटलं तर तो विषय तिथेच सोडा, बाहेरच्या पिचचं काम त्यांच्या परवानगीशिवायही घरी चालू राहू शकतं.

तीसएक बॉल लिहून झाले की तो तक्ता आणि बाजूने काढलेले चार-पाच स्विंगचे व्हिडिओ (चेहरा, टीमचं नाव दिसणार नाही असे) टाका, बॅट बॉलला प्लेटच्या पुढे लागतेय की जवळ ते बघून टी नेमकी कुठे ठेवायची ते सांगते.